डिनरनंतर सुटणारी गाडी

त्या शब्दाभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ काढलेले होते. ते पुरते मिटलेले नव्हते. शेवटाकडे रेघ किंचित बाहेर निसटली होती, काढणाऱ्याचा हात मध्येच थांबला असावा तशी. पत्रक माझ्या मेजावर कोणी ठेवले हे विचारण्याचे कारण नव्हते. साऱ्या कचेरीत तांबड्या शाईचे पेन एकच होते आणि ते मिस मेरिडिथ शॉ यांच्याजवळ असे. सकाळचे नऊ वाजून गेले होते, माझ्या अंगावरचा ओला कोट अजून उतरायचा होता, आणि खिडकीबाहेर सेंट जॉन्सचे बंदर धुक्याने इतके झाकून गेले होते की बोटींचे केवळ भोंगे शिल्लक राहिले होते. पत्रक मी दुरूनच ओळखले, कारण ते मी लिहिले होते. ‘परिषदेस येणाऱ्या पाहुण्यांसाठी उपयुक्त माहिती.’ विमानतळावरून शहरात कसे यावे, घड्याळ अर्धा तास पुढे का सरकवावे, जून महिन्यातही लोकरीचा स्वेटर का आणावा, आणि सहाव्या परिच्छेदात, कॅप्लिन हेडच्या जुन्या दीपगृहाच्या सहलीसंबंधी एक वाक्य: ‘परतीची गाडी डिनरनंतर लगेच सुटेल.’ वर्तुळ ‘डिनर’ या शब्दाभोवती होते.

“लिअँडर, काल काय झालं ते कळलं का तुम्हाला?” मिस शॉ दारात उभ्या होत्या. टोरांटोहून येऊन त्यांना पाच महिने झाले होते. वय तिशीच्या आतबाहेर. त्यांनी केस बांधलेले नव्हते, यावरूनच काहीतरी घडले आहे हे मी ताडले.

“नाही बुवा.”

“डॉक्टर किंतेला. पोर्तुगालच्या त्या म्हाताऱ्या बाई. गाडी दीडला सुटली आणि त्या राहिल्या तिथंच. गाडीवाला सिरिल म्हणतो चारजण दुसऱ्या कुणाच्या मोटारीनं गेले होते, त्याला वाटलं बाईही त्यांच्यातच. संध्याकाळी साडेआठला एकजण कुत्रं फिरवायला गेला, त्याला दिसल्या. खडकावरून घसरल्या होत्या. खुबा मोडलाय. सात तास त्या वाऱ्यात, लिअँडर!”

“पण आहेत ना?”

“आहेत.” त्या मेजाजवळ आल्या आणि वर्तुळावर बोट ठेवून म्हणाल्या, “हा शब्द मी बदलला होता. ‘लंच’ केला होता. मला आठवतं. नक्की आठवतं.” मग क्षणभर थांबून, “बहुतेक.”

त्या ‘बहुतेक’पाशी माझे मन जाऊन बसले. बुडणाऱ्याच्या हाती दोर लागावा तसे ते मला लागले, आणि दोर धरताना आपण कोणाच्या अंगावर पाय देऊन उभे आहोत हे बुडणारा पाहत नाही. मी म्हणालो, “मला नाही सांगता येणार.” हे खोटे नव्हते असे मी स्वतःला लगेच सांगितले, सांगता येणार नाही म्हणजे सांगणे शक्य नाही, असाही त्याचा अर्थ होतोच. “तीनला विन्सर साहेबांनी बोलावलंय,” त्या म्हणाल्या, “पत्रकाखाली नाव माझं आहे. तीस तारखेला माझे उमेदवारीचे सहा महिने संपतात. म्हणजे बघा.” त्या गेल्या. मी कोट काढला, खुंटीला अडकवला, पुन्हा घातला.

पत्रकाखाली ‘संपादन: एम. शॉ’ एवढेच छापलेले होते. छापून आले त्या दिवशी मी एक प्रत घरी नेली, तेव्हा माझी पत्नी ऑलिव्ह ती उलटसुलट करीत म्हणाली होती, “छान आहे रे. पण तुझं नाव कुठाय? लिहिलंस तू, आणि नाव त्या पोरीचं होय?” मी म्हणालो, कचेरीची तशी पद्धतच आहे. “असेल बाबा पद्धत,” ती म्हणाली, “चुलीपाशी घाम गाळायचा एकानं आणि ताट मिरवायचं दुसऱ्यानं, ही जुनीच पद्धत आहे.” तिने ती प्रत चहाच्या डब्यामागे उभी करून ठेवली, आणि मी प्रत्येक चहाच्या वेळी ते दोन शब्द वाचीत राहिलो. संशय हा ओल्या भिंतीसारखा असतो. डाग वर कधी चढला ते दिसत नाही, एके दिवशी तो छतालाच पोहोचलेला असतो. आज मात्र तेच दोन शब्द माझे छत्र झाले होते, आणि त्या छत्राखाली मी कोरडा उभा होतो.

वस्तुतः लिहिण्याचे काम मी मागितले नव्हते. चौदाव्या वर्षी शाळा सोडून मी वडिलांच्या होडीवर गेलो, पुढे मासे साफ करण्याच्या कारखान्यात. आमच्याकडे नुसते मासा म्हटले की तो कॉडच, दुसऱ्यांना त्यांची नावे. तो मासाच जेव्हा समुद्रातून नाहीसा झाला आणि सरकारने मासेमारी बंद केली, तेव्हा तीस वर्षांच्या बाप्यांना पुन्हा बाकावर बसवण्यात आले. तेथे मी शब्दकोश पाहण्यास शिकलो. त्याची मला अशी गोडी लागली की मास्तरीणबाई थट्टेने म्हणत, “लिअँडर, सोपा शब्द दिसला की तू रस्ता ओलांडून पलीकडं जातोस.” वर्गातले हसले, मीही हसलो, परंतु त्या दिवसापासून कोणी माझा कागद हाती घेतला की मी कागदाकडे न पाहता त्याच्या ओठांच्या कडांकडे पाहू लागलो. पुढे पंधरा वर्षे एका हॉटेलची गाडी चालविली; विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते विमानतळ. त्या अनुभवामुळेच विन्सर साहेबांनी मला परिषदेच्या कचेरीत वाहतुकीच्या कामावर घेतले आणि यंदा जगभरातून दीपगृहांचे जाणकार येणार म्हणून सांगितले, “पत्रक तूच लिही. पाहुण्याला काय लागतं ते तुझ्याएवढं कुणाला ठाऊक?” साहेब आणि मी एकाच खाडीवरचे, एकाच देवळाच्या बाकावर वाढलेले. मी सहा रविवार बसून ते लिहिले. एकेका वाक्यावर इतका वेळ घालविला की ऑलिव्ह म्हणाली, येणारे पाहुणे परत गेले तरी तुझं संपायचं नाही.

मिस शॉ यांच्याकडून ते पान परत आले तेव्हा त्यावर तांबड्या खुणांचा जणू गोवर उठला होता. ‘तथापि’ गेले होते. ‘कृपावंत होऊन’ गेले होते. माझा स्वेटरचा परिच्छेद मात्र त्यांनी तसाच ठेवला होता आणि त्याच्या समासात एक उद्गारचिन्ह काढले होते. नुसते उद्गारचिन्ह, पुढे मागे काही नाही. त्या चिन्हाचा अर्थ मी तीन दिवस लावीत होतो. कौतुक असते तर शब्दाने लिहिले असते. आणि सहाव्या परिच्छेदात त्यांनी ‘डिनर’ खोडून ‘लंच’ लिहिले होते. ते पाहून माझ्या कानशिलांतून ऊन वाफ गेली. माझी आई बारा वाजता डिनर वाढीत असे. खारवलेले मांस, कोबी, सलगम, वाटाण्याचा लगदा. कारखान्यात बाराला वाजे तो डिनरचाच भोंगा. संध्याकाळचे ते सपर; आणि लंच म्हणजे निजण्यापूर्वी चहाबरोबर खायचा पाव-मुरंबा. हा शब्द खोडणे म्हणजे माझ्या आईच्या ताटावरून हात फिरविणे होते. त्या खोडण्यात मला हसणे ऐकू आले. बाई हसल्या होत्या की नाही हे मी पाहिले नव्हते. परंतु ऐकू आले, हे खरे.

छपाईला पान घेऊन जाण्याचे काम माझेच होते. वॉटर स्ट्रीटवरच्या छापखान्यात ब्राइड कोडी बसते. तिची सारी गिऱ्हाइके तिचे ‘राजे’च असतात. चष्मा कपाळावर चढवून तिने सहावा परिच्छेद वाचला आणि म्हणाली, “हे काय रे राजा? ‘गाडी लंचनंतर सुटेल’? म्हणजे त्या बिचाऱ्यांना रात्री दहापर्यंत त्या टेकाडावर ठेवणार की काय तुम्ही? कावळे टोचतील की!”

“तेच म्हणतो मी,” मी म्हणालो.

“कुणी लिहिलंय?”

“बाहेरच्या आहेत त्या.”

“मग बरोबर. बाहेरच्यांना जेवायच्या वेळा कुठल्या! भूक लागली की खातात, कोंबड्यांसारखं. खोडू?”

“खोड.”

एवढेच झाले. ‘खोड’ हा एकच शब्द मी उच्चारला, आणि दुकानातून बाहेर पडताना मला पाहुण्यांचे रक्षण केल्याचे समाधान होते. ते समाधान मी आजही आठवू शकतो. त्याचा स्वाद होता, ताज्या ब्रेडसारखा. आज सकाळपासून मी त्याच समाधानाला हात धरून पुढे आणीत होतो: पाहा, मी तर त्यांना रात्रीपर्यंत थांबावे लागू नये म्हणूनच केले, आमच्याकडचा शब्द, आमच्याकडची समजूत, कोणीही सज्जन मनुष्य हेच करता. परंतु या समाधानाच्या पाठीमागे आणखी कोणीतरी उभे होते. पंधरा वर्षे मी गाडी चालविली होती. आरशात मागच्या बाकावरची तोंडे पाहत, दुपारी बाराच्या सुमारास, शेकडो वेळा मी ऐकले होते: “लंचला जवळपास चांगलं काय मिळेल हो?” आणि शेकडो वेळा मी न अडखळता उत्तर दिले होते. एकदाही त्यांना रात्रीचे दुकान दाखविले नव्हते.

साडेअकराला मी कोणास न सांगता बाहेर पडलो. रुग्णालयाकडे जाण्याचे कारण मी स्वतःस ‘विचारपूस’ असे दिले, परंतु खरे पाहता मला त्या बाईंच्या मनातले काढून घ्यायचे होते. त्या काय सांगणार आहेत? कोणाला? फिर्याद करणार आहेत काय? वाटेत मी संत्री घेतली आणि संत्री विकणाऱ्याने “कुणी आजारी आहे वाटतं, बाबा?” असे विचारले तेव्हा मला वाटले, याला कसे कळले. चढावरून जाताना धुके थोडे पातळ झाले. मी चालत होतो आणि मनात त्या बाईंना निरनिराळी रूपे देत होतो: चिडलेली, वकिलाशी बोलणारी, बोलता न येणारी. शेवटचे रूप मला अधिक सोयीचे वाटले आणि ते वाटल्याबरोबर मी रस्त्यातच थांबलो. मागून येणाऱ्या बाईची बाबागाडी माझ्या पोटरीवर आदळली. “अहो, जागे व्हा जरा!” ती म्हणाली.

डॉक्टर तेरेझा किंतेला खाटेवर टेकून बसलेल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली लहानखुरी स्त्री. ओठ उलले होते, गालांवर वाऱ्याने भाजल्याचे तांबडे चट्टे होते, आणि केस कोणीतरी नीट विंचरून दिलेले होते. मी कचेरीतून आलो असे सांगितले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तेव्हा मी त्यांत संत्री ठेवली. नंतर माझ्या ध्यानात आले की त्यांना माझा हात हातात घ्यायचा होता.

“तुम्हाला फार त्रास झाला माझ्यामुळं,” त्या म्हणाल्या.

मी सावध झालो. मोठी माणसे आधी क्षमा मागतात आणि मग घेरतात, हे मी पाहिलेले होते. “छे, छे. त्रास तुम्हाला झाला.”

“नाही, चूक माझीच. माझी इंग्रजी पुस्तकातली. कुठंतरी काहीतरी मला समजलं नाही. बघा, मी तर सगळं तसंच केलं.” उशाखालून त्यांनी पत्रक काढले. ते भिजून वाळले होते आणि त्याला करवतीसारख्या लाटा आल्या होत्या. ओळींखाली पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, जवळजवळ प्रत्येक ओळीखाली. “स्वेटर आणला. घड्याळ अर्धा तास पुढं केलं. हे बघा: ‘दीपगृहापाशी फोन चालत नाही, चिंता करू नये, आहात तेथेच थांबावे, गाडी तुमच्याकडे येईल.’ मी थांबले. माझे वडील तरुणपणी या पाण्यावर मासे धरायला यायचे, म्हणून मला जरा एकटीनं बसायचं होतं. दुपारी सगळे गेले तेव्हा म्हटलं, यांना घाई असेल. आपली गाडी डिनरनंतर आहे. सहाला वाटलं, आता जेवणं झाली असतील, आता येईल. सातला वाटलं, इथले लोक उशिरा जेवत असतील. आमच्याकडं नऊला जेवतात, त्यात काय! मग थंडी वाजायला लागली म्हणून जरा चालले, आणि...” त्यांनी हाताने घसरण्याची खूण केली आणि हसल्या. हसल्यामुळे ओठ पुन्हा फुटला.

मी रुमाल दिला.

“मी चाळीस वर्षं परिषदांना जाते,” रुमाल ओठाला धरून त्या म्हणाल्या. “सगळीकडं पत्रक देतात. नकाशा, दुकानं, दूरध्वनी क्रमांक. इथलं मी विमानात दोनदा वाचलं. ‘आमच्याकडे वारा वरून येत नाही, बाजूने येतो, म्हणून छत्री आणू नये, ती तुमची राहणार नाही.’ हे कुणीतरी माझी काळजी वाटून लिहिलंय असं वाटलं. कुणी लिहिलं हो?”

आयुष्यात हा प्रश्न मला कोणी विचारावा म्हणून मी काय दिले नसते! आणि तो विचारला गेला तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांत पाहिले ते केवळ एवढ्यासाठी, की यांना कचेरीतून कोणी आधीच फोन केला आहे काय, हा प्रश्न सापळा आहे काय. डोळे करडे होते, थकलेले होते, आणि त्यांत काही नव्हते. मी म्हणालो, “कचेरीनं.”

“कचेरीनं,” त्यांनी मान हलविली. “त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि साहेबांना सांगा की चूक माझ्या इंग्रजीची. मी तसं लिहून देते.”

जिन्यावर मी उभा राहिलो. मला हवे होते ते सर्व मिळालेले होते. बाई फिर्याद करणार नव्हत्या. त्या दोष अंगावर घेऊन तसे लिहून देणार होत्या. परंतु विन्सर साहेब अशा चिठ्ठीवर थांबणारे नव्हते. पाहुणा आपल्या दारात हाड मोडून घेतो तेव्हा घरातले कोणीतरी चुकलेलेच असते, असे ते मानीत, आणि घरातले म्हणजे पत्रकाखाली जिचे नाव होते ती. त्या जिन्याच्या लोखंडी कठड्याला धरून मी हिशेबी माणसासारखा नव्हे, तर चोरासारखा विचार केला: मी न बोललो तर काय होईल? काहीच होणार नाही. मिस शॉ टोरांटोला परत जातील. त्या तरुण आहेत. त्यांना आठवत राहील की आपण शब्द बदलला होता, ‘बहुतेक’, आणि मी दुसऱ्यांच्या ओठांच्या कडांकडे पाहतो तशा संशयाने पुढे जन्मभर त्या स्वतःच्या आठवणीकडे पाहतील. हा विचार आला आणि गेला नाही. मी माझा रोग दुसऱ्याला लावीत होतो.

तीन वाजता विन्सर साहेबांच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर मिस शॉ बसल्या होत्या, केस आता घट्ट बांधलेले, मांडीवर पत्रक. मला बोलाविलेले नव्हते. मी दार ठोठावले आणि बसण्यापूर्वीच बोललो, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. “साहेब, यांनी शब्द बदलला होता. यांना बरोबर आठवतंय. छापखान्यात मी तो परत फिरवला. ‘लंच’ खोडून ‘डिनर’ मी करायला लावलं.”

गॉर्डन विन्सर भारदस्त मनुष्य. त्यांचा चेहरा पडण्याच्या बेतात असतानाच एकाएकी उजळला. “अरे लिअँडर!” ते मोठ्याने म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. “एवढंच होय! अहो मिस शॉ, आता तुम्हाला काय सांगायचं, आमच्याकडं डिनर दुपारचंच. माझी आजी मरेपर्यंत बारालाच डिनर म्हणायची. याला काय माहीत बाहेरचे लोक काय म्हणतात ते! शाळा सोडली तेव्हा याच्या नाकाला शेंबूड होता. ही काही चूक नाही, हा आपला बेटावरचा भाबडेपणा. पाहुण्यांना सांगू तसं, तेही हसतील. काय रे? तुला काय ठाऊक, बाबा!”

त्यांनी दार सताड उघडले होते. मला केवळ मान हलवायची होती. त्या दारातून मी बाहेर पडलो असतो तर मिस शॉ वाचल्या असत्या, मी वाचलो असतो, आणि मी तोच मनुष्य म्हणून बाहेर पडलो असतो ज्याला सोपा शब्दही ठाऊक नसतो.

“मला ठाऊक होतं,” मी म्हणालो.

“काय?”

“लंच म्हणजे ते काय समजतात ते. पंधरा वर्षं गाडी चालवलीय मी. ठाऊक होतं मला.”

साहेबांनी मेजावरचा कागद उगाच सरळ केला. त्यांच्या मुद्रेवरील सौजन्य हळूहळू उतरत गेले, आणि त्या जागी जे आले ते मी प्रथमच पाहत होतो. ते माझ्याकडे जाणत्या माणसाकडे पाहावे तसे पाहत होते. “मग तुला कामावर ठेवता येणार नाही, लिअँडर,” ते सावकाश म्हणाले. “ठाऊक नव्हतं म्हणाला असतास तर ठेवलं असतं.”

“होय साहेब.”

हे मी सत्यासाठी बोललो, की अडाणी म्हणवून घेणे मला सोसले नाही म्हणून, याचा निवाडा मला अद्याप करता आलेला नाही. त्या क्षणीही मी माझ्याच शब्दांकडे संशयाने पाहिले.

बाहेरच्या बोळात मिस शॉ माझ्या मागोमाग आल्या. “का पण?” त्या म्हणाल्या. आवाज रागाचा होता आणि राग त्यांना शोभत होता. “माझ्यावर कसला डूख होता तुमचा?”

“तुम्ही हसताय असं वाटलं मला.”

“मी? कशाला?”

“माझ्या लिहिण्याला.”

“ते तुमचं छत्रीचं आणि वाऱ्याचं,” त्या म्हणाल्या, “मी त्याच दिवशी फोनवर आईला वाचून दाखवलं होतं. सगळं पान. दोनदा.”

आणि त्या वळून आपल्या खोलीत गेल्या, दार लावून घेतले. का वाचून दाखविले, हे त्यांनी सांगितले नाही. मी बोळात बराच वेळ उभा होतो. विचारायचे असते तर दार दोन पावलांवर होते.